रविवारची फुकट साइट व्हिजिट आणि सोमवारचा चेक : जागेत पैसे गुंतवण्याआधी काय तपासायचं

रविवारी सकाळी दादरहून किंवा ठाण्याहून एसी गाडी सुटते. नाश्ता, चहा, दुपारचं जेवण सगळं कंपनीकडून. कर्जत, नेरळ, पेण, मुरबाड, शहापूर यांपैकी कुठल्यातरी माळावर चुन्याने आखलेले चौकोन दाखवतात, डोंगराकडे बोट करून ‘हा इकडे अटल सेतू, तो तिकडे विमानतळ’ असं सांगतात. परतीच्या वाटेवर हिशेब सुरू होतो : आजच्या आज टोकन दिलंत तर गुंठ्यामागे पन्नास हजार कमी. शहरातल्या बिल्डिंगच्या बाबतीत गाडीऐवजी चकचकीत सेल्स ऑफिस असतं आणि जेवणाऐवजी कॉफी, बाकी सगळं तेच.

अटल सेतू खरा आहे. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, २१.८ किलोमीटर लांब. नवी मुंबईचा विमानतळही खरा. त्यामुळेच या योजना गळी उतरतात. रस्ता खरा असला म्हणजे त्या रस्त्याच्या नावाने विकला जाणारा प्लॉट खरा असतोच असं नाही, आणि सेल्समनच्या चेहऱ्यावरून ते कळत नाही. कळतं ते कागदावरून. म्हणून प्रत्येक योजनेला एकच प्रश्न विचारत जा : सही केल्यावर हा कागद मला कोण ठरवतो? घराचा खरेदीदार, ठेवीदार, बिल्डरला हातउसने देणारा, की कोणीच नाही?

पायरी १ : चेकबुक काढण्याआधी कागदाचा मसुदा मागा

टोकन देण्यापूर्वी सह्या करायच्या सगळ्या कागदांची कोरी प्रत मागा आणि घरी घेऊन या. ‘बुकिंग झाल्यावर देतो’ असं उत्तर आलं तर उठा. मसुदा मिळाला की आधी त्याचं नाव वाचा.

‘अलॉटमेंट लेटर’ आणि त्यामागून नोंदणीकृत ‘अॅग्रीमेंट फॉर सेल’ असेल तर रेरा कायद्याच्या (घरं आणि प्लॉटच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा) भाषेत तुम्ही अलॉटी, म्हणजे खरेदीदार. ‘एमओयू’ (सामंजस्य करार), ‘इन्व्हेस्टमेंट अॅग्रीमेंट’, ‘ईओआय’ (खरेदीची नुसती इच्छा कळवणारं पत्र) किंवा ‘बायबॅक’ची (जागा परत विकत घेण्याची) हमी असलेला कागद असेल तर पुढे वाद झाल्यावर समोरचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणणार की हे घर घ्यायला आलेच नव्हते, व्याज कमवायला आले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच फरक केला : खात्रीशीर परतावा किंवा सक्तीच्या बायबॅकवर पैसे टाकणारा सट्टा-गुंतवणूकदार घरखरेदीदार म्हणून बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करू शकत नाही. जास्तीच्या दोन टक्क्यांसाठी आपण काय सोडतो आहोत, हे सही करताना कोणी सांगत नाही.

आता दहा टक्क्यांचा नियम. रेरानुसार किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची तर आधी करार करून तो नोंदवावा लागतो. सव्वा कोटीचा फ्लॅट असेल तर करार नोंदवण्यापूर्वी साडेबारा लाखांच्या वर एक रुपयाही मागता येत नाही. ‘तीस टक्के भरा, अॅग्रीमेंट दिवाळीनंतर’ हे बेकायदा आहे, मग बिल्डर कितीही मोठा असो.

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नोटरी एवढंच सांगते की सही तुमची आहे. त्या जागेवर हक्क निर्माण झाला असं तिच्यातून सिद्ध होत नाही. तीच गोष्ट कुलमुखत्यारपत्राची : नुसत्या ‘पॉवर’वर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

पायरी २ : रेरा नंबर नुसता बघू नका, उघडून वाचा

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर महारेराच्या (हा कायदा राज्यात राबवणारं प्राधिकरण) नोंदणीशिवाय जाहिरात, बुकिंग, विक्री काहीही करता येत नाही. मोठे प्लॉटिंगचे प्रकल्पही यात येतात, ‘आम्ही फक्त जमीन विकतो, आम्हाला रेरा लागत नाही’ ही थाप आहे. ‘प्री-लाँच’ याचा सरळ मराठी अर्थ नोंदणीआधीची विक्री, आणि त्यासाठी बिल्डरला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड सरकारकडे जातो, हे वेगळं सांगायला नको. तुमचे पैसे तिथेच अडकलेले राहतात.

१ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो स्कॅन करा, पण त्यावर थांबू नका. महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः नंबर टाइप करून प्रकल्पाचं पान उघडा आणि हातातल्या ब्रोशरशी एकेक गोष्ट ताडून पाहा :

- प्रवर्तकाचं (बिल्डरचं) नाव. तुमचा चेक ज्या कंपनीच्या नावाने मागतात तीच ही कंपनी आहे का? ‘आमचीच सिस्टर कन्सर्न’ हे उत्तर चालत नाही.
- जमिनीचा क्रमांक. उपनगरात सीटीएस, मुंबई शहरात सीएस, बाहेर सर्व्हे किंवा गट नंबर. जुन्या नोंदणी क्रमांकांत ‘पी’नंतर ५१७ म्हणजे ठाणे, ५१८ उपनगर, ५१९ मुंबई शहर, ५२० रायगड. मुरबाडचा प्लॉट दाखवून ५१८ चा नंबर दिला असेल तर तो नंबर दुसऱ्याच प्रकल्पाचा आहे.
- विंग आणि मजले. ‘प्रस्तावित’ आणि ‘मंजूर’ हे दोन वेगळे रकाने असतात. मंजूर १२ मजले आणि तुम्हाला विकतात २१ वा, असं सर्रास होतं. तो मजला अजून हवेत आहे.
- पूर्णत्वाची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख. दोन वेळा मुदतवाढ झाली असेल तर कारण विचारा.
- बोजा आणि कोर्टकेसेस. दर तिमाहीची माहिती भरली आहे की वर्षभर पान तसंच पडून आहे?

एवढं करूनही एक भोक राहतं. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेरा नंबर मिळवले गेले होते. लोकांनी रेरा पाहिला, बँकांनी कर्जं दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितलं. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या, तिथेही राहती कुटुंबं होती. डोंबिवलीनंतर परवानग्या नियोजन प्राधिकरणाकडून पडताळून घेण्याची पद्धत महारेराने सुरू केली आहे. तरी एक हेलपाटा स्वतः घाला.

मुंबई महापालिकेच्या हद्दीत दोन कागद मागा : आयओडी आणि सीसी. आयओडी म्हणजे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. नावातच नामंजुरी आहे आणि तरी सेल्स ऑफिसात ती ‘अॅप्रूव्हल आलं’ म्हणून फ्रेम करून लावलेली असते. तिच्यात अटी लिहिलेल्या असतात, त्या पूर्ण झाल्यावर सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळतो. सीसी कुठपर्यंत आहे ते वाचा. ‘प्लिंथपर्यंत’ (जोत्यापर्यंत) असेल तर वरच्या मजल्यांना अजून परवानगी नाही. इतर महापालिकांत नगररचना विभागात क्रमांक आणि तारीख दाखवून तो दाखला त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारा, लागल्यास माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ‘ऑफर रविवारपर्यंतच’ म्हणणाऱ्याला नेमके हे ३० दिवस नको असतात.

पायरी ३ : खात्रीशीर परताव्याचं गणित कागदावर मांडा

नमुना घेऊ. साठ लाखांचा फ्लॅट, सगळी रक्कम आत्ता, ताबा तीन वर्षांनी, तोवर दरसाल १२ टक्के म्हणजे महिन्याला ६० हजार. छत्तीस महिन्यांचे एकवीस लाख साठ हजार, छत्तीस पोस्ट-डेटेड चेकसकट. बँकेच्या एफडीच्या तुलनेत सोन्याची खाणच.

आता त्याच गल्लीत तेवढ्याच कारपेटचा (आतल्या वापराच्या क्षेत्राचा) तयार फ्लॅट कितीला जातो ते पाहा. त्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा, तिथे प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांची रक्कम दिसते. दलालाचा तोंडी भाव धरू नका. समजा तो ४२ लाख निघाला. म्हणजे तुम्ही १८ लाख जास्त दिले, आणि साठ हजाराचे पहिले तीस हप्ते म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला परत. उरलेले सहा हप्ते खरा ‘परतावा’, आणि बहुतेक योजना त्याच्या आतच लंगडायला लागतात.

दुसरा प्रश्न असा की ज्याच्याकडे चांगली जमीन आणि मंजूर प्लॅन आहे त्याला बँक कर्ज देते. तो तुमच्या दारात १२ टक्के घेऊन का उभा आहे? बहुधा बँकेने दार लावलं म्हणून.

पोस्ट-डेटेड चेकला फार भाव देऊ नका. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्यांना १५ दिवस, मग महिन्याभरात कोर्टात तक्रार, अशी साखळी आहे. एक मुदत चुकली की त्या चेकवरची केस कमकुवत झाली. छत्तीस चेक म्हणजे छत्तीस वेळा ही साखळी.

‘ताब्यापर्यंत नो ईएमआय’ या योजनेत कर्ज तुमच्याच नावावर असतं, हप्ता फक्त बिल्डर भरत असतो. त्याने थांबवलं की बँक तुम्हाला फोन करते आणि सिबिल (कर्जफेडीच्या पतीचे गुण) तुमचा पडतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बांधकामाच्या टप्प्यांनुसार कर्ज सोडायला सांगितलं, राष्ट्रीय आवास बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना या योजनांपासून दूर राहायला सांगितलं. तरी नवं नाव देऊन ती परत येते. कर्जाची रक्कम बिल्डरला एकदम सुटणार आहे की स्लॅबप्रमाणे, एवढं बँकेकडून लेखी घ्या.

आणि जिथे विशिष्ट फ्लॅट नंबर किंवा प्लॉट नंबरच नाही, नुसतं ‘रिअल इस्टेट फंडात पाच लाख, अडीच वर्षांत दुप्पट’ आहे, तिथे तुम्ही सरळ ठेवीदार आहात. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात जागेपोटी घेतलेला अॅडव्हान्स ठेव धरत नाहीत, पण तो करारानुसार त्या जागेच्या किमतीत वळता व्हायला हवा. जागाच ठरलेली नसेल तर वळता कशात होणार? शेतजमिनीच्या नावावर असे पैसे किती जमू शकतात याचं उदाहरण म्हणजे पीएसीएल ही कंपनी. सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये परत करायला सांगितलेली रक्कम सुमारे ४९,१०० कोटी होती, आणि तिच्या वाटपासाठी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्या. लोढा समिती नेमावी लागली. गुंतवणूकदारांकडे प्लॉटचे कागद होते. प्लॉट कुठला, हे कोणालाच दाखवता आलं नसतं.

ऑफिसच्या जागेत ‘तुकड्याने मालकी’ घ्यायची असेल तर सेबीच्या २०२४ च्या नियमांखालची स्मॉल अँड मीडियम रीट योजना (अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणारी) आहे का ते विचारा. तिथे किमान गुंतवणूक १० लाख आहे. पंचवीस हजारांत बीकेसीचा मालक करणारं अॅप त्यात बसत नाही.

पायरी ४ : गुंठ्याचे प्लॉट

मुंबईकर सर्वांत जास्त इथे फसतो, कारण त्याला फ्लॅटचे कागद थोडे तरी ठाऊक असतात, सातबारा मात्र आजोबांनंतर कोणी पाहिलेला नसतो.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्लॉटचा भाव चौरस फुटांत सांगितला तर विचारा की यात रस्त्याचा आणि मोकळ्या जागेचा वाटा धरला आहे का. पंधराशे फुटांचा प्लॉट मोजल्यावर अकराशे निघतो तो असा.

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवरून नाममात्र शुल्कात मिळतो, विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स नको. त्यात पाहायच्या जागा चारच. नाव : विकणाऱ्याचंच आहे की ‘शेतकऱ्याशी आमचा करार आहे’? भूधारणा पद्धती : भोगवटादार वर्ग १ असेल तर सर्वसाधारणपणे मोकळी, वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्क : कुळ, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, वनविभागाचे शेरे, भूसंपादन, सगळं इथे लपलेलं असतं. शेवटचा प्रलंबित फेरफार : कोणीतरी हरकत घेतली असेल तर खूण इथेच सापडते. जमीन मूळ आदिवासी खातेदाराची असेल, आणि ठाणे, पालघर, रायगडात अशी पुष्कळ आहे, तर महसूल अधिनियमाच्या कलम ३६अ खाली परवानगीशिवाय झालेला व्यवहार उलटतो.

शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. यावरचा दलालांचा तोडगा म्हणजे ‘शेतकरी दाखला आम्ही काढून देतो’. बनावट दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तेव्हा दलालाचा फोन लागत नाही. दुसरा तोडगा सामाईक सातबाऱ्याचा : एका गटात चाळीस जणांची नावं, प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त. कागदावर तुम्ही मालक, पण आपले दोन गुंठे नेमके कुठे, याचं उत्तर बाकीचे एकोणचाळीस देतील. शिवाय ठरावीक क्षेत्राहून (प्रमाणभूत क्षेत्र) लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा आहेच. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायत २० आर आणि बागायत १० आर हे प्रमाणभूत क्षेत्र आहे (आर म्हणजे जवळजवळ गुंठाच). शहरी आणि प्राधिकरणांच्या हद्दीतल्या तुकड्यांना २०२५ मध्ये सवलत आली, पण ती तुमच्या गटाला लागू आहे का हे तहसील कार्यालयात गट नंबर सांगून विचारा, फोनवर विक्रेत्याला नाही.

‘एनए’ (बिगरशेती) या दोन अक्षरांपुढे काय लिहिलं आहे ते बघा. ‘एनए प्रस्तावित’, ‘एनए इन प्रोसेस’, ‘एनए पोटेन्शियल’ म्हणजे एनए नाही. आदेशाची प्रत, त्याचा क्रमांक, आणि सोबत मंजूर लेआउटचा नकाशा हवा. तुमचा प्लॉट नंबर त्या नकाशावर असायला हवा. झोन दाखला वेगळा काढा : माथेरानभोवतीचं क्षेत्र २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील आहे, अलिबागकडे सीआरझेड (किनाऱ्यालगतचं बांधकामावर बंधनं असलेलं क्षेत्र) आहे, ‘ग्रीन झोन’मध्ये बंगल्याचं स्वप्न बहुतेक वेळा ब्रोशरमध्येच राहतं.

मोजणीची ‘क’ प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) मागा आणि तिच्या आधारे हद्दीचे दगड जागेवर दाखवायला सांगा. मग कंपनीची गाडी न घेता, पावसाळ्यात, एकटे जा. रस्ता कोणाच्या शेतातून जातो, तो सरकारी नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हे बांधावरचा माणूस पाच मिनिटांत सांगतो. तलाठ्यांना (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) भेटा. त्याच गटाचे सौदे आधी कोणाशी झालेत हे दुय्यम निबंधकाच्या नोंदीत निघतं. तीस वर्षांचा शोध घेऊन वकिलाचा अहवाल घ्या, आणि वकील विक्रेत्याने सुचवलेला नको.

पायरी ५ : शहरातल्या खास थापा

एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची) ‘परिशिष्ट-२ मध्ये नाव घालून देतो’ ही खोली म्हणजे पात्रतेच्या यादीत खोटा झोपडीधारक होणं. पुनर्वसनाची घरं ठरावीक मुदतीपर्यंत विकता येत नाहीत, त्यामुळे तोवर तुमच्या हातात फक्त नोटरीचा कागद. म्हाडाची सोडत संगणकावर निघते, ‘कोट्यातून’ घर देणारा एजंट म्हाडाने नेमलेला नसतो. पगडीच्या खोलीत तुम्ही भाडेकरू ठरता, मालक नाही. मालकाच्या संमतीची आणि भाडेपावती तुमच्या नावावर होण्याची लेखी हमी नसेल तर पुनर्विकासात तुमचं नाव येणारच नाही.

पायरी ६ : पैसे कसे द्यायचे

फक्त प्रकल्पाच्या रेरा पानावर दाखवलेल्या खात्यात, चेक किंवा आरटीजीएसने. घरखरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठीच्या वेगळ्या खात्यात राहायला हवेत, हा नियम तुमच्या उपयोगाचा तेव्हाच जेव्हा पैसे त्या खात्यातून जातात. एक्झिक्युटिव्हच्या यूपीआयवर गेलेले दहा हजार कुठल्याच हिशेबात नसतात. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. शिवाय रोख दिलेलं ‘ब्लॅक’ कराराच्या रकमेत नसल्याने परताव्याच्या आदेशात ते धरलंच जात नाही. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा असतो. दलालाचाही महारेरा क्रमांक असतो, तो ‘ए’ने सुरू होतो. मागा.

नोंदणीकृत प्रकल्पात मन बदललं तर महारेराच्या नमुना वाटपपत्रात कपातीची मर्यादा दिली आहे : १५ दिवसांत रद्द केल्यास काही नाही, साठ दिवसांनंतरही जास्तीत जास्त २ टक्के. तुमच्या पत्रात ‘टोकन जप्त’ किंवा ‘२० टक्के कापू’ असेल तर सही करण्याआधी ती ओळ बदलून घ्या.

अडकलातच तर

पहिल्या आठवड्यात जाहिरात, व्हॉट्सअॅप संभाषण, पावत्या, बँकेचे उतारे, ब्रोशर, सेल्समनचं व्हिजिटिंग कार्ड एका जागी जमा करा आणि कंपनीला स्पीड पोस्टने पत्र पाठवा. ताबा उशिरा किंवा करार मोडला असेल तर महारेराकडे ५,००० रुपये भरून ऑनलाइन तक्रार होते, व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के. आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं. हा टप्पा रेंगाळतो, मनाची तयारी ठेवा. ठेवीसारखी योजना असेल तर पोलिसांत एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या) कायद्याखाली तक्रार द्या. तिथे कंपनीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटण्याची सोय आहे. मोठ्या रकमेचं प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जातं. एकट्याने जाण्यापेक्षा दहा-पंधरा जणांनी एकत्र जबाब द्या.

या काळात कंपनी बहुधा दोन कागद पुढे करते. एक, ‘नव्या प्रकल्पात रक्कम वळवतो, जुना करार रद्द’, ज्यावर सही केली की तुमची जुनी तारीख, जुना हक्क आणि कधीकधी रेरा नंबरही जातो. दुसरा, ‘पडताळणीसाठी मूळ पावती आणि करार जमा करा’. मूळ कागद पोलीस किंवा न्यायालयीन समितीशिवाय कोणाच्या हातात देऊ नका, आणि त्यांनाही दिले तर पोच घ्या, आधी रंगीत स्कॅन करून. ‘अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी आधी’ म्हणत फोन येईल तेव्हा फोन करणाऱ्याला तुमची नेमकी रक्कम आणि प्लॉट नंबर माहीत असेल. ती यादी त्याला कुठून मिळाली, हे तुम्हीच ओळखा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.